शाळेच्या अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर

शाळेकडे वर्षभरात किती पैसे येणार, ते कशाकशावर घालायचे आणि प्रत्यक्षात किती गेले याचा मेळ ठेवणाऱ्या संगणक प्रणालीला सरसकट हे नाव देतात. शालार्थलाही काही जण यातच मोजतात, पण ती पगारबिलांची प्रणाली आहे, नियोजन तिच्यात नाही, त्यामुळे ती इथे धरलेली नाही.

हे प्रकरण नक्की सुरू कुठून झालं यावर एकमत होणं अवघड. एक धागा १९७९ च्या व्हिजिकॅल्कपर्यंत, म्हणजे एक्सेलच्या पूर्वजापर्यंत नेता येतो, कारण एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलणं हीच अंदाजपत्रकाची मूळ गरज. दुसरा टॅलीकडे जातो (१९८६ च्या सुमारास, बंगळुरू), पण टॅली मुळात दुकानदारी हिशोबाची, कीर्द-खतावणी संगणकावर आणणारी. आपल्याकडच्या सरकारी शाळांपुरतं बोलायचं तर तिसरा धागा जास्त पटतो, तो म्हणजे दिल्लीहून निघालेला पैसा कुठे पोचला हे बघायची सोय. केंद्राच्या लेखा महानियंत्रकांनी साधारण २००८-०९ मध्ये सुरू केलेल्या सीपीएसएमएस या निधीवर नजर ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचं पुढे पीएफएमएस झालं आणि आज शाळेचा खर्च त्यातूनच होतो. म्हणजे आधी नजर ठेवणं आलं, नियोजन मागाहून.

नियोजनाचा कायदेशीर पाया शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २२ मध्ये आहे. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि अनुदान त्यावरून ठरायचं, अशी ती कल्पना. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत (२०१८) जिल्ह्यांच्या मागण्या राज्यामार्फत प्रबंध या पोर्टलवर चढतात आणि मंजुरी दिल्लीचं प्रकल्प मान्यता मंडळ देतं, बहुतेक राज्यांत केंद्र-राज्य ६०:४० वाटणीने. संयुक्त शाळा अनुदान मात्र आराखड्यापेक्षा यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीतल्या पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यापुढे १,००० पर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर एक लाख. वाडीवरच्या शाळेत एकतिसावं पोर दाखल झालं की थेट १५,००० चा फरक! यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे, म्हणजे १०,००० मधले हजार फिनेल-झाडूला गेले की उरलेल्यात लाइटबिल, खडू, नळदुरुस्ती सगळं आलं.

२०२१ मध्ये आलेल्या पद्धतीत पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, राज्याच्या एकाच खात्यात असतो आणि शाळेला झिरो बॅलन्स खात्यावर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. मग एकाने मेकर म्हणून विक्रेत्याची नोंद करून बिल भरायचं, दुसऱ्याने चेकर म्हणून मंजूर करायचं. दोनशिक्षकी शाळेत हे दोघं कोण असणार ते सांगायला नको. त्यात आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि शाळा जूनला भरणार, त्यामुळे मर्यादा उशिरा आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हाउचर गोळा करायची पळापळ ठरलेली.

खासगी शाळांत फी, पगार, हिशोब एकत्र बघणारी ईआरपी नावाची सॉफ्टवेअर चालतात. महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायद्याने (२०११) फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्षाच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे अंदाजपत्रक निदान वेळेवर तयार होतं. अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान अजून बरंचसं एक्सेल आणि जाडजूड कॅशबुक यांवरच बघितलं जातं.