जर्मनी फक्त मार्शल योजनेनं उभा राहिला?

इंदुरात पोहे-जलेबीवर युद्धाचा विषय निघाला की कुणीतरी काका हमखास सांगतात, "अमेरिकेनं सगळा पैसा जर्मनीत ओतला, म्हणून तो उभा राहिला." हिशेब वेगळाच आहे. मार्शल योजना म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपला सावरायला अमेरिकेनं दिलेली मदत. तिच्यात १९४८ ते १९५२ दरम्यान वाटलेल्या सुमारे १३ अब्ज डॉलरपैकी सर्वांत मोठा वाटा ब्रिटनचा, तीन अब्जांहून जास्त. मग फ्रान्स. पश्चिम जर्मनीला जेमतेम दीड अब्ज.

जून १९४८ मध्ये तिथलं चलन बदललं, बरीच भावनियंत्रणं उठली आणि दडवलेला माल रातोरात दुकानांत आला. १९५३च्या लंडन करारात जुनं परदेशी कर्ज जवळपास निम्मं माफ झालं; हे मात्र काका कधी सांगत नाहीत! मदत फुकट गेली असंही नाही. धान्य, कापूस, इंधन आयात करायला लागणारे डॉलर तिनंच पुरवले.