ऑनलाइन भाषावर्गात कॅमेरा कशाला हवा?

जर्मन शिकणारा मराठी विद्यार्थी हमखास अडतो तो डोक्यावर दोन टिंबं असलेल्या 'यू'पाशी. म्युनिकचं जर्मन नाव मग कधी 'मुन्शेन' होतं, कधी 'मिन्शेन'. खरं तर जीभ 'ई'च्या जागी ठेवायची आणि ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करायचा, एवढंच आहे. पण हे नुसतं ऐकून गोंधळ उडतो आणि शिकवणाऱ्या बाईंचे ओठ दिसले की निम्मं काम होतं.

ऐकण्यात डोळ्यांचा वाटा किती मोठा असतो, हे हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवलं. पडद्यावरचा चेहरा 'गा-गा' म्हणत होता, त्याला आवाज जोडला होता 'बा-बा'चा. बहुतेक प्रौढांना ऐकू आलं 'दा-दा'! डोळे मिटले की 'बा-बा' स्वच्छ ऐकू येतं, उघडले की पुन्हा 'दा-दा'. 'ब'साठी ओठ मिटावे लागतात. ते मिटलेले दिसत नाहीत, म्हणून मेंदू कानाची साक्ष बदलून टाकतो. यातली युक्ती माहीत असली तरी फरक पडत नाही.

म्हणजे कॅमेरा लावला की झालं? तसंही नाही. 'ळ' म्हणताना जीभ तोंडाच्या आत मागे वळते, ती कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ऑनलाइन 'ळ' शिकवायचा तर सरळ तळहात पडद्यासमोर आडवा धरावा आणि बोटं वर उचलून मागे वळवून दाखवावीत: हात म्हणजे जीभ. हातवाऱ्यांचा उपयोग उच्चारापुरताच नाही. मॅन्युएला मॅसेडोनिया या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की नवा शब्द त्याच्या अर्थाला साजेशी हालचाल करत शिकला तर तो जास्त लक्षात राहतो. निरर्थक हालचालींनी तसा फायदा होत नाही. पण लॅपटॉपची चौकट खांद्यापाशीच कापते आणि मागची खोली धूसर करणारी सोय हललेला हात अर्धा गिळून टाकते. भाषेच्या तासाला ती सोय बंदच ठेवावी, आणि खुर्ची थोडी मागे सरकवावी.

आता वेळेकडे वळू. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या २००९ च्या अभ्यासात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूकडून दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर बहुतेक संभाषणं सुरळीत चालतात. जाऊन-येऊन त्याचे ३०० झाले. नैसर्गिक अंतराहून जास्तच! म्हणून दोघंही एकदम बोलू लागतात, मग दोघंही एकदम थांबतात. त्यात समोरचा नवशिक्या असेल तर तो शब्द शोधतोय, की नेट गेलंय? आवाजावरून काही कळत नाही. चित्र असेल तर अर्धवट उघडलेलं तोंड आणि छताकडे गेलेली नजर दिसते, आणि शिक्षकाला गप्प राहायचं सुचतं.

तरीही फ्रान्समधल्या निकोला गिशों आणि कॅथी कोहेन यांच्या २०१४ च्या प्रयोगाने कॅमेऱ्याच्या भक्तांना जरा जमिनीवर आणलं. ४० फ्रेंच विद्यार्थी स्काइपवर एका अनोळखी शिक्षिकेशी इंग्रजीत बोलले, काही जण तिला पाहत, काही नुसतं ऐकत. नुसत्या आवाजाच्या गटात शांततेच्या जागा जास्त निघाल्या. बोलण्याच्या बाकीच्या मोजमापांत म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यामुळे नेट रडत असेल तर गप्पांच्या वेळी व्हिडिओ खुशाल बंद करावा. तसंही, आवाजामागून रखडत येणारे ओठ उच्चार शिकवण्याऐवजी कानाला चकवतीलच.

माझ्या मते चित्रापेक्षा मोठी गोष्ट आहे प्रतिसाद. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर केलेला अमेरिकेतला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष माणसाकडून किंवा थेट व्हिडिओ कॉलवर मुलं नवी क्रियापदं शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. रेकॉर्डिंगमधली बाई मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नव्हती, एवढाच फरक. प्रौढ इतके हट्टी नसतात, ते रेकॉर्डिंगवरूनही पुष्कळ शिकतात. पण तीस जणांना म्यूट करून तासभर चालवलेला 'लाइव्ह' वर्ग मला रेकॉर्डिंगच वाटतो. 'हं', 'हो ना', 'काय काय?' ही मधली कुजबुज गेली, की आपलं बोलणं पोचलं का, हे शिक्षकाला कळणार कसं?

अशा वर्गात चॅटची खिडकी उपयोगी पडते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड कर्न यांनी १९९५ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या तोंडी चर्चेची तुलना संगणकावरच्या लेखी चर्चेशी केली. लिहिताना विद्यार्थ्यांनी चर्चेत कितीतरी जास्त वेळा भाग घेतला आणि त्यांची भाषाही अधिक वैविध्याची होती. व्याकरणाची शुद्धता मात्र तिथे मागे पडली, आणि उच्चारांचा तर प्रश्नच आला नाही.