इनोसंट ब्लड

जॉन लँडिस दिग्दर्शित अमेरिकी हॉरर कॉमेडी (१९९२). पटकथा मायकल वोल्क यांची. व्हॅम्पायर आणि इटालियन-अमेरिकी माफिया ही दोन रक्तपिपासू कुळे पिट्सबर्ग शहरात समोरासमोर येतात, एवढ्यावर सारा खेळ उभा आहे.

मरी (ॲन पारियो) ही फ्रेंच रक्तपिशाच. निरपराध माणसाला दात लावायचा नाही हा तिचा नेम, म्हणून ती गुंडांवर भूक भागवते. दुसरा नेम जास्त व्यवहारी आहे: रक्त पिऊन झाले की बंदुकीने शिकारीचे डोके उडवायचे. त्यामुळे मेलेला पुन्हा उठत नाही आणि मानेवरच्या खुणाही उरत नाहीत. टोळीप्रमुख सॅल मॅसेली (रॉबर्ट लोजिया) याच्या वेळी नेमके हेच राहून जाते आणि तो शवागारातून चालता होतो. मग मरी आणि टोळीत लपून काम करणारा पोलीस जो जेनारो (अँथनी लापाग्लिया) त्याच्या मागे लागतात. दोघांचे प्रेमप्रकरण ओघाने येतेच; चित्रपटाचा तो भाग त्यामानाने सपक.

खरी गंमत सॅलची आहे. व्हॅम्पायर झाल्याचे दुःख त्याला क्षणभरही नाही. त्याला दिसतो तो धंदा: आपली माणसे चावून तीही अमर केली, तर गोळ्यांना दाद न देणारी टोळी तयार! टोळीत दीक्षा, निष्ठा आणि रक्ताचे नाते आधीपासून होतेच, आता ते शब्दशः खरे होते. त्याचा वकील मॅनी बर्गमन (विनोदवीर डॉन रिकल्स) मात्र या बढतीला पुरा पडत नाही. रुग्णालयात परिचारिका खिडकीवरचा पडदा सरकवते, ऊन खाटेवर पडते आणि वकीलसाहेब ओरडत जळून भुगा होतात. स्टीव्ह जॉन्सन यांच्या मेकअप-करामतीचा हा सर्वांत लक्षात राहणारा नमुना. हसावे की डोळे मिटावे, ठरत नाही.

दिग्दर्शक सॅम रेमी, दारियो अर्जेंटो, फ्रँक ऑझ आणि मेकअपकार टॉम सॅविनी छोट्या भूमिकांत डोकावतात. लँडिस यांच्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) या चित्रपटाच्या पुण्याईवर काही देशांत याचे नाव ‘अ फ्रेंच व्हॅम्पायर इन अमेरिका’ असे ठेवले गेले. तरी अमेरिकेत गल्ला ५० लाख डॉलरच्या आसपासच थांबला. टोनी सिरिको, डेव्हिड प्रोव्हल, टोनी लिप आणि खुद्द लोजिया पुढे ‘द सोप्रानोज’ (१९९९–२००७) या मालिकेत पुन्हा माफियाच झाले, या खेपेला दातांविना.