काटा दरवेळी तेच सांगतो, पण खरं सांगतो का?

परवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाच रुपयांची दहा नाणी ठेवली. २०११ पासून निघालेली, रुपयाचं चिन्ह असलेली ती पिवळी नाणी. प्रत्येक ६ ग्रॅमचं. (२०१९ नंतरची जरा जड आहेत, ती बाजूला काढली.) म्हणजे ६० यायला हवेत. आले ६४. उचलून पुन्हा ठेवली, ६४. काटा ओट्यावरून टेबलावर नेला, तरी ६४.

या काट्यात प्रिसिजन आहे, ॲक्युरसी नाही. पुन्हापुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांना किती धरून राहतात, ते प्रिसिजन. ते खऱ्या मापाच्या किती जवळ जातात, ती ॲक्युरसी. आपण दोन्हींना ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

माळ्यावरचा जुना स्प्रिंगचा काटाही काढला. त्याने त्याच नाण्यांचे ५५, ६५, ६०, ६५, ५५ दाखवले. एकेका आकड्यावर विसंबावं असा तो नाही, पण सरासरी काढा: बरोबर ६०. विखुरलेले आकडे सरासरीने सावरतात. डिजिटल काट्याची सरासरी मात्र शंभर वेळा मोजूनही ६४च येणार. त्याची चूक बाहेरचं खात्रीचं वजन ठेवल्याशिवाय दिसतच नाही.

मग वीस नाणी ठेवली. १२४ आले असते तर सरळ ४ वजा केले असते, जसं शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरच्या मापातून झिरो एरर, म्हणजे दरवेळी तेवढीच राहणारी चूक, वजा करतात. आले १२८. म्हणजे चूक वजनाबरोबर वाढते. काट्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘१०० म्हणजे ९४’. चूक ठाम असली की असा हिशेब तरी करता येतो.

हबल दुर्बिणीचं अगदी हेच झालं. तिचा २.४ मीटरचा आरसा कमालीच्या बारकाईने घासला होता, पण चुकीच्या आकारात. आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग जागेवरून १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. आरशाची कड २.२ मायक्रोमीटरने जास्त सपाट झाली. केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. वाईट याचं वाटतं की दुसऱ्या, साध्या उपकरणांनी काहीतरी बिनसल्याचं दाखवलं होतं. पण ती कमी प्रिसिजनची म्हणून त्यांचं कोणी ऐकलं नाही. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि चित्रं धूसर आली.

तरी चूक इतकी नेमकी होती की ती मोजून तिच्या बरोबर उलट चूक असलेले, नाण्याएवढे आरसे घडवता आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते बसवले. मोठा आरसा आजही तसाच चुकीचा आहे.