ताहिती: गवतावर मार खाणारे, वाळूवर फायनल खेळणारे

जून २०१३ मध्ये ताहितीची फुटबॉल टीम माराकाना स्टेडियमवर स्पेनकडून १०-० अशी हरली. कॉन्फेडरेशन्स कप होता तो, म्हणजे खंडाखंडांच्या विजेत्यांची स्पर्धा. आधी नायजेरियाने सहा मारले होते, नंतर उरुग्वेने आठ. टीममध्ये प्रोफेशनल प्लेयर एकच, मारामा वाहिरुआ, बाकीचे शिक्षक, डिलिव्हरी करणारे, काही तर बेकारच. नायजेरियाविरुद्ध जोनाथन तेहाऊने एक गोल केला त्याचंच सगळ्यांना केवढं कौतुक झालं, आणि जगाने ताहितीला "बिचारे पण गोड" अशा खात्यात टाकून दिलं. त्यानंतर तीनच महिन्यांत याच ताहितीच्या दुसऱ्या एका टीमने अर्जेंटिनाला ६-१ हरवून वर्ल्ड कपची सेमीफायनल गाठली, पण ते झालं वाळूवर, बीच सॉकरमध्ये, त्यामुळे आपल्याकडे फारसं कुणाला माहीतच नाही.

फुटबॉलमध्ये ताहिती म्हणजे सगळं फ्रेंच पॉलिनेशिया, पॅसिफिक समुद्रात पसरलेली शंभरावर बेटं, राज्य फ्रान्सचं पण फिफात वेगळी सीट, १९९० पासून. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या लातूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा जागेतून अकरा जणांची दमदार टीम काढायची म्हणजे अवघडच, मागे बेंचवर अजून तेवढेच चांगले प्लेयर लागतात, लीग लागते, पैसा लागतो. बीच सॉकरला पाच जण पुरतात, गोलकीपर धरून. बारा-बारा मिनिटांचे तीन पिरियड, अनवाणी खेळायचं, प्लेयर हवे तितक्या वेळा बदला. आणि फ्री किकला समोर भिंत उभी करता येत नाही, त्यामुळे गोलकीपरचं काही खरं नसतं.

खेळ तसा जुना पण त्याचे नियम नीट बसवले गेले १९९२ मध्ये, पुढच्या वर्षी मायामीला पहिली प्रोफेशनल स्पर्धा झाली, मग १९९५ पासून दरवर्षी ब्राझीलमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप. फिफाने हे सगळं २००५ ला स्वतःकडे घेतलं आणि पहिलाच फिफा वर्ल्ड कप फ्रान्सने नेला, कोच आणि प्लेयर दोन्ही एरिक कँटोना, फ्रान्सचा जुना फुटबॉल स्टार. ब्राझीलच्या घरी, रिओच्या कोपाकबाना बीचवर!

या सुरुवातीच्या काळात ताहिती कुठेच नव्हती. ओशनियाची, म्हणजे पॅसिफिकमधल्या देशांची, वर्ल्ड कपमधली सीट सलग चार वेळा, २००६ ते २००९, सॉलोमन आयलंड्सकडे गेली. ताहितीचा नंबर लागला २०११ ला, राजधानी पापीतेत घरच्या लोकांसमोर सॉलोमनला मागे टाकून, आणि मग इटलीत रावेन्नाला पहिला वर्ल्ड कप. तिथे ग्रुपमधूनच परत यावं लागलं. पण तोवर पुढच्या वर्ल्ड कपचं यजमानपद ताहितीला मिळालेलं होतं, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच फिरली, कारण यजमान म्हटल्यावर सरकार, फेडरेशन, स्पॉन्सर सगळ्यांना एकदम जाग येते आणि नुसती हजेरी लावायला टीम उतरवणं कुणालाच परवडत नाही. पॅसिफिक बेटांवर होणारी फिफाची ती पहिलीच स्पर्धा होती. कोच म्हणून आणला आंजेलो स्किरिन्झी, ज्याने स्वित्झर्लंडला, म्हणजे समुद्रच नसलेल्या देशाला, २००९ च्या फायनलपर्यंत नेलं होतं. समुद्रकिनारा असला की बीच सॉकर आपोआप येतं असं मानणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्या.

पापीतेच्या तोआता स्टेडियममध्ये २०१३ च्या सप्टेंबरमध्ये नुसता दंगा होता. कॅप्टन नाएआ बेनेट, गोलला जोनाथन तोरोहिया, जोडीला हेइमानू तायारुई. सेमीत रशियाने ५-३ ने रोखलं, रशिया तेव्हाही चॅम्पियन होता आणि नंतर फायनलमध्ये स्पेनला हरवून पुन्हा झाला. पण मला विचाराल तर त्यांची खरी मॅच तिसऱ्या नंबरची, ब्राझीलशी ७-७, मग पेनल्टीवर हार. ब्राझीलशी सात-सात! लोकांनी या टीमला टिकी तोआ म्हणायला सुरुवात केली ते नाव आजही चालू आहे.

घरच्या मैदानावर कुणीही खेळतं, असं तेव्हा म्हटलं गेलंच असणार. पण २०१५ ला पोर्तुगालमध्ये एस्पिन्होला हेच लोक, आता कोच तेवा झावेरोनी, इराणला हरवतात, सेमीत इटलीला पेनल्टीवर काढतात आणि थेट फायनलला जातात. फायनलमध्ये समोर यजमान पोर्तुगाल, बीच सॉकरचा मोठा स्टार मादझेरची टीम, आणि स्कोअर ५-३, पोर्तुगालच्या बाजूने. स्पर्धेतल्या सगळ्यात चांगल्या प्लेयरचा गोल्डन बॉल मात्र तायारुईला मिळाला. दोन वर्षांनी बहामाजमध्ये परत फायनल, परत सेमी पेनल्टीवर जिंकलेली, यावेळी इराणविरुद्ध, आणि फायनलला ब्राझीलने ६-० असा धुवून काढला. लागोपाठ दोन फायनल हरणं वाईटच, पण लागोपाठ दोन फायनल खेळणारे देश तरी किती आहेत?

त्यानंतर उतरती कळा म्हणा किंवा बाकीचे पुढे गेले म्हणा. पॅराग्वेत २०१९ ला ग्रुपमध्येच बाहेर, मॉस्कोत २०२१ ला क्वार्टर फायनलला जपान आडवा आला, दुबईत २०२४ ला त्याच टप्प्यावर इटली, आणि २०२५ ला सेशेल्समध्ये स्पेन आणि सेनेगल ग्रुपमधून पुढे गेले, ताहिती घरी.

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे की ओशनियातून वर्ल्ड कपला पोचणं हे युरोप किंवा आशियाइतकं कठीण नाही, तिथे टक्कर द्यायला मुख्यतः सॉलोमनच. म्हणून "इतक्या वेळा क्वालिफाय झाले" या आकड्यावर मी फार जात नाही, वर्ल्ड कपला पोचल्यावर काय केलं तेच बघायचं. दुसऱ्या बाजूने हेही खरं की दोन वर्ल्ड कपच्या मधल्या काळात तगड्या टीम अंगावर घ्यायच्या तर विमानाने अर्धं जग पार करावं लागतं.

आपल्याकडे हा खेळ अजून बाल्यावस्थेत आहे, पहिली नॅशनल चॅम्पियनशिप २०२३ ला सुरतेत झाली, ती केरळने जिंकली, त्याच वर्षी गोव्यातल्या नॅशनल गेम्समध्येही बीच फुटबॉल होतं आणि २००७ नंतर थेट २०२५ ला भारत आशियाई कप खेळला, पट्टायाला. किनारा आपल्याकडे ताहितीपेक्षा कमी नक्कीच नाही. ताहितीने मात्र पहिल्या वर्ल्ड कपपासून पहिल्या फायनलपर्यंतचं अंतर चार वर्षांत कापलं, आणि ओशनियातली दुसरी कुठलीच टीम या वर्ल्ड कपच्या सेमीफायनललाही अजून पोचलेली नाही.