फोनला सॉफ्टवेअर मारणे

स्मार्टफोनची मूळ प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, संगणक आणि यूएसबी केबल वापरून नव्याने भरण्याची क्रिया. कंपन्यांच्या कागदपत्रांत तिला फ्लॅशिंग किंवा रिस्टोअर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दुरुस्ती दुकानांत ‘सॉफ्टवेअर मारणे’ हाच शब्द चालतो. फोन लोगोवर अडकून बसणे, सारखा बंद-चालू होत राहणे, अपडेट मध्येच फसणे ही तिची नेहमीची कारणे.

फॅक्टरी रीसेटने फक्त वापरणाऱ्याचा डेटा पुसला जातो, प्रणालीच्या फायली आहेत तशाच राहतात. त्या फायलीच बिघडल्या असतील तर कितीही वेळा रीसेट केले तरी फोन लोगोच्या पुढे सरकत नाही. फ्लॅशिंगमध्ये बूटलोडर (फोन चालू होताना प्रणालीला उठवणारा पहिला प्रोग्रॅम), प्रणाली आणि नेटवर्क सांभाळणारे मोडेम यांचे विभाग पुन्हा लिहिले जातात.

पद्धत चिप आणि कंपनीनुसार बदलते. आयफोन रिकव्हरी किंवा त्याहून खोलवरच्या डीएफयू मोडमध्ये घेऊन आयट्यून्सने, मॅकवर २०१९ पासून फाइंडरने, रिस्टोअर करतात. अ‍ॅपलच्या सर्व्हरने मान्यता दिलेली आवृत्तीच त्यात बसते. शाओमीच्या फोनना बूटलोडरचा फास्टबूट मोड आणि ‘मी फ्लॅश’ (Mi Flash) हे टूल, मीडियाटेक चिपच्या अनेक फोनना एसपी फ्लॅश टूल. क्वालकॉम चिपचा फोन पूर्ण ‘डेड’ असेल तर ईडीएल, म्हणजे चिपचा आणीबाणीचा डाउनलोड मोड, हा शेवटचा दरवाजा. काही मॉडेलांत त्यासाठी मागचे झाकण काढून बोर्डवरचे टेस्ट पॉइंट जोडावे लागतात.

सॅमसंगसाठी दुकानांत ओडिन हे टूल वापरतात. फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरायची आणि केबल लावायची, की नव्या मॉडेलांत डाउनलोड मोडचा इशारा दिसतो. ओडिनमध्ये बीएल (बूटलोडर), एपी (प्रणाली), सीपी (मोडेम) आणि सीएससी (देश-कंपनीनुसारच्या सेटिंग) असे चार मुख्य रकाने असतात. खरी गोम चौथ्यात आहे. तिथे साधी सीएससी फाइल लावली तर फोटो, नंबर, सगळे साफ होते. होम सीएससी लावली तर एरवी डेटा राहतो. म्हणून चांगला कारागीर फोन हातात घेतानाच विचारतो, “डाटा पाहिजे काय? मग आधी सांगा की.” घाईत हा प्रश्न राहून गेला तर भांडण ठरलेलेच. शिवाय फर्मवेअरच्या बिल्ड क्रमांकातले शेवटून पाचवे अक्षर बूटलोडरची पातळी सांगते. फोनमध्ये ३ असताना २ ची फाइल चालत नाही, ओडिन लाल रंगात ‘फेल’ दाखवतो. गिऱ्हाइकाला वाटते दुकानदाराला जमत नाही. खरे तर जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या त्रुटी पुन्हा उघड्या पडू नयेत म्हणून कंपनीनेच परतीची वाट बंद केलेली असते.

फाइल मॉडेल क्रमांक तंतोतंत जुळवूनच घ्यावी लागते. नावाने एकच असलेल्या फोनच्या दोन प्रकारांत चिपसुद्धा वेगळी असू शकते. आखातातून नातेवाइकांनी आणलेल्या फोनबाबत हा घोळ विशेष होतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा अँड्रॉइडमध्ये ५.० आवृत्तीपासून, २०१४ पासून, आहेत. तेव्हा मेनू मराठीत करायला फर्मवेअर बदलण्याची गरज सहसा नसते, सेटिंगमध्ये भाषा जोडली की काम होते.

लिहिणे चालू असताना केबल हलली किंवा संगणक बंद पडला तर फोन अर्धवट राहतो. पावसाळ्यात खानापूरकडे वीज जाणे नवे नाही, म्हणून चार्ज असलेला लॅपटॉप किंवा यूपीएसवरचा संगणक बरा. प्रणालीचा विभाग अर्धा राहिला तर बहुधा पुन्हा मारता येते. बूटलोडर लिहिताना खंड पडला तर मात्र फोन उठेलच असे नाही.

मीडियाटेक फोनवर ‘फॉरमॅट ऑल’ निवडल्यास आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ठेवलेला विभागही पुसला जाण्याचा धोका असतो आणि मग नेटवर्क मिळत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी *#०६# दाबून १५ आकडी क्रमांक टिपून ठेवावा. खोक्यावर आणि बहुधा बिलावरही तो असतो. आयएमईआय जाणूनबुजून बदलणे २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बेकायदेशीर ठरवले, आणि आजही ते बेकायदेशीरच आहे. अँड्रॉइड ५.१ पासून आलेले गुगल खात्याचे कुलूप आणि आयफोनचे अ‍ॅक्टिव्हेशन लॉक अधिकृत फर्मवेअर भरून सुटत नाही. कुलूप काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला बिल मागणारा दुकानदार खडूस वाटतो, पण चोरीचा फोन ओळखण्याचा त्याच्याकडे तो एक साधा उपाय आहे.

सगळेच बिघाड सॉफ्टवेअरचे नसतात. भीमगडच्या जंगलपट्ट्यात रेंज मुळातच तुटक, तिथल्या फोनला कितीही सॉफ्टवेअर मारले तरी दांड्या वाढणार नाहीत. चार्जिंग न होणे, बॅटरी फुगणे हे तर उघडच हार्डवेअरचे काम. योग्य फाइल आणि चांगली केबल असूनही लिहिणे दर वेळी एकाच जागी अडकत असेल, तर संशय साठवणुकीच्या चिपवर घ्यावा; ती बदलायची झाल्यास जुना डेटा तिच्यासोबतच जातो.