ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण राहता परदेशात: एनएचएसचे उपचार मोफत मिळतील का?

तीस वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी केली, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता) नियमित भरला, पासपोर्टही ब्रिटिश. तरीही परदेशात स्थायिक झालात, तर इंग्लंडमधलं रुग्णालय तुमच्याकडून पैसे घेऊ शकतं. अनेकांना हे खरंच वाटत नाही. पण एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, पात्रता नागरिकत्वावर किंवा आजवर भरलेल्या करावर नाही, तर तुमचा मुक्काम सध्या कुठे आहे यावर ठरते. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे, स्वेच्छेने आणि बस्तान मांडून राहत असाल, तर तुम्ही ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’, म्हणजे तिथले नेहमीचे रहिवासी, आणि मोफत उपचारांना पात्र.

सुट्टीवर आलेल्यांना जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) सल्ला आणि ए अँड ईमधले (रुग्णालयाच्या अपघात व तातडीच्या विभागातले) उपचार मोफतच मिळतात. वॉर्डात दाखल झालात की मात्र मीटर सुरू. दर साधारणपणे एनएचएसच्या दराच्या १५० टक्के, आणि २०१७ पासून तातडीचे नसलेले उपचार हवे असतील तर रक्कम आधी भरावी लागते. तातडीचे उपचार आणि बाळंतपण पैशांसाठी अडवत नाहीत; बिल नंतर येतं.

कायमचे परतत असाल तर पहिल्या दिवसापासून पात्र. सहा महिने थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. पण परतल्याचं रुग्णालयाला पटवून द्यावं लागतं, आणि खरी धावपळ इथेच होते. त्यासाठी ठरावीक एकच कागद नाही. घराचा भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं (स्थानिक घरपट्टीचं) बिल, नोकरीचं पत्र, मुलांचा शाळाप्रवेश, सामान जहाजाने पाठवल्याची पावती, परदेशातलं घर सोडल्याचा पुरावा, यातलं जे असेल ते फाइलमध्ये जपून ठेवा. रुग्णालयातले ‘ओव्हरसीज व्हिजिटर मॅनेजर’, म्हणजे परदेशातून आलेल्या रुग्णांची पात्रता पाहणारे अधिकारी, हेच तपासतात. नुसता एनएचएस क्रमांक दाखवून भागत नाही.

ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेऊन स्पेन-फ्रान्ससारख्या युरोपीय संघातल्या देशात राहणाऱ्यांनी एस१ फॉर्म नक्की घ्यावा. एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस अथॉरिटीकडे अर्ज करायचा, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक द्यायचा आणि मिळालेला फॉर्म तिथल्या आरोग्य कार्यालयात नोंदवायचा. मग तिथल्या उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतं आणि इंग्लंडभेटीतही एनएचएसचे उपचार मिळतात. भारतात किंवा आखातात राहणाऱ्या पेन्शनरांना ही सोय नाही. त्यांनी इंग्लंडला निघण्यापूर्वीच प्रवास विमा काढावा आणि त्यात जुने आजार न लपवता नोंदवावेत.